रत्नागिरी जिल्ह्यातील पर्यावरण व विकास-संशोधन

दक्षिण कोकणातील रत्नागिरी जिल्ह्यात भूमी, जल, वनस्पती, सागरी जीव आणि मानवी उपजीविका यांच्या परस्परसंबंधांविषयी झालेले अभ्यास व त्यांसाठी निरनिराळ्या ज्ञानशाखांनी आणि संस्थांनी केलेले सहकार्य यांचा येथे विचार केला आहे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौ. किमी. असून लोकसंख्या १६,१५,०६९ (२०११) आहे. पूर्वेस सह्याद्री व पश्चिमेस अरबी समुद्र यांमधील हा प्रदेश अरुंद आहे. डोंगरउतारावरील तोड, सड्यावरील खाण किंवा नदीकाठचा कारखाना यांचा परिणाम थोड्याच अंतरावरील खाडीत आणि तेथून कोळ्यांच्या जाळ्यात दिसू लागतो. असा परिणाम एकट्या वनस्पतिविज्ञानाला, मत्स्यविज्ञानाला अथवा अर्थशास्त्राला पुरता मोजता येत नाही.

वाशिष्ठी नदी हे याचे ठळक उदाहरण होय. कृष्णा खोऱ्यातील कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर चिपळूणजवळ वाशिष्ठीत येते व दाभोळच्या खाडीतून समुद्रास मिळते. म्हणजे एकाच प्रवाहाशी दोन खोरी, जलविद्युत् केंद्रे, शेती, औद्योगिक वसाहत, चिपळूण शहर आणि खाडीतील मासेमारी ही सर्व निगडित आहेत. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर महापुरात बुडाले, तेव्हा अतिवृष्टी, समुद्राची भरती, पात्रातील गाळ आणि धरणातून सोडलेले पाणी यांपैकी कशाचा वाटा किती, यावर मोठा वाद झाला. या चारही बाबींच्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. त्या एकत्र मांडल्याखेरीज अशा वादाचा निर्णय होणे शक्य नसते.

पूर्वपीठिका : जिल्ह्याच्या निसर्गाची व समाजाची एकत्रित नोंद करण्याचा पहिला मोठा प्रयत्न ब्रिटिश अमदानीत झाला. जे. एम. कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी व सावंतवाडी यांवरील दहावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भूरचना, पिके, मासे, व्यापार, जाती, इतिहास आणि स्थळवर्णने एकाच ग्रंथात आली. मुलकी सेवेतील जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची केलेली पहिली सूची त्याच सुमारास ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली गेली. महसूल पाहणारा अधिकारीच पक्षी व मासे यांच्याही नोंदी करीत असल्याने ज्ञानशाखांमधील भिंती तेव्हा फारशा उंच नव्हत्या. मात्र या ग्रंथाचा हेतू प्रशासनाची सोय हा होता. खारवी, भोई, गाबीत, दालदी वा कुणबी यांचे अनुभवज्ञान त्यात माहिती म्हणून उतरले, परंतु कोणता प्रश्न विचारावा हे ठरविण्यात त्यांचा भाग नव्हता.

संस्थांची उभारणी : स्वातंत्र्योत्तर काळात विशेषीकरण वाढले. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र (१९५५) आणि रत्नागिरीस सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र (१९५८) सुरू झाले. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील दोनापावल येथे तिचे मुख्यालय आहे. १८ मे १९७२ रोजी दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे त्यास डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. शिरगाव (रत्नागिरी) येथील मत्स्य महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी १ मे रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा करण्यात आला.

या संस्थांमुळे भात, आंबा, नारळ व मासळी यांविषयी शास्त्रशुद्ध ज्ञान जमा झाले. परंतु प्रत्येक संस्था वेगळ्या खात्याला उत्तरदायी होती. त्यामुळे दोन खात्यांच्या सीमेवर पडणारे विषय दुर्लक्षित राहिले. खाडीकाठचे कांदळवन हा असाच एक विषय. तेथील झाडे वन खात्याच्या, मासळी मत्स्यव्यवसाय खात्याच्या, पाण्याची शुद्धता प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आणि शेजारची बांधबंदिस्तीची जमीन खारभूमी यंत्रणेच्या अखत्यारीत येते. निसर्गात मात्र ही एकच व्यवस्था असते. कांदळवन तुटल्यास मासळीची पैदास घटते व बांधही उघडे पडतात.

संस्थांच्या चौकटीबाहेरचा एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा (नोव्हेंबर १९८७ ते फेब्रुवारी १९८८) होय. उत्तरेस नवापूर व दक्षिणेस कन्याकुमारी येथून निघालेले गट गोव्यात एकत्र आले. विद्यार्थी, कार्यकर्ते व अभ्यासक यांनी वाटेतील गावांची स्थिती प्रत्यक्ष पाहिली. संपूर्ण घाटप्रदेश हा अभ्यासाचा एक घटक मानावा, ही कल्पना या यात्रेमुळे लोकांपर्यंत पोहोचली.

लोटे–परशुराम आणि दाभोळची खाडी : खेड तालुक्यातील लोटे–परशुराम औद्योगिक वसाहतीत रासायनिक उद्योग एकवटले. त्यांच्या सांडपाण्यामुळे दाभोळच्या खाडीतील मासेमारीची हानी होते, अशी तक्रार तेथील भोई व अन्य मच्छीमार दीर्घकाळ करीत आले. येथे विज्ञानापुढील प्रश्न साधा वाटला तरी उत्तर सोपे नव्हते. सांडपाण्याचे रासायनिक पृथक्करण एका दिवसाची स्थिती दाखविते. मासळीची घट मात्र अनेक वर्षांत होते आणि तिची सर्वांत जुनी नोंद मच्छीमारांच्या स्मरणातच असते. रसायनतज्ञ, मत्स्यतज्ञ आणि मच्छीमार यांनी एकत्र बसून निष्कर्ष काढावयास हवे होते. स्थानिक लोकांचा सहभाग असलेला एक अभ्यास गट या वसाहतीसाठी नेमलाही गेला. परंतु त्याच्या म्हणण्याला शासकीय यंत्रणेत पुरेसे वजन मिळाले नाही. पुढे पश्चिम घाट तज्ञ समितीच्या अहवालात या वसाहतीने सु. ११,००० लोकांना रोजगार दिल्याची आणि मच्छीमारांच्या म्हणण्यानुसार सु. २०,००० लोकांचा रोजगार बुडाल्याची, अशा दोन्ही बाजू नोंदविण्यात आल्या. पहिला आकडा उद्योगाच्या दप्तरात मिळतो. दुसरा मोजण्याची जबाबदारी कोणत्याच खात्याची नव्हती. विकासाचा हिशेब एकाच शाखेच्या वहीत मांडला म्हणजे काय राहून जाते, हे यावरून कळते.

पश्चिम घाट तज्ञ समिती : केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ४ मार्च २०१० रोजी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली. तीत परिस्थितिविज्ञान, वन्यजीवविज्ञान, अर्थशास्त्र, कायदा, उपग्रह-संवेदन आणि प्रदूषण नियंत्रण या क्षेत्रांतील सदस्य होते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील खाणी, वीजप्रकल्प व प्रदूषणकारी उद्योग यांच्या पुढील वाटचालीविषयी शिफारस करण्याचे कामही समितीकडे खास सोपविण्यात आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये या दोन जिल्ह्यांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुऱ्यांना तात्पुरती स्थगिती देण्यात आली.

समितीने सु. १,२९,००० चौ. किमी. प्रदेशाची सु. ९ किमी. बाजूच्या चौकोनांत विभागणी केली. प्रत्येक चौकोनाला जैवविविधता, वनाच्छादन, उंची, उतार इ. निकषांवर गुण दिले व संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी सुचविल्या. निरनिराळ्या संस्थांकडे विखुरलेली माहिती एका नकाशावर आणणे हे या पद्धतीचे मोठे यश होय. तिची मर्यादाही याच दोन जिल्ह्यांत दिसून आली. घाटाखालील सपाट व किनारी भागासाठी तशी माहिती हाती नव्हती. म्हणून रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील सर्व प्रकल्पांच्या एकत्रित परिणामांचा अभ्यास, शक्यतो गोव्यासह आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने व्हावा, अशी शिफारस समितीने केली. एकेका प्रकल्पाचा परिणाम स्वतंत्रपणे तपासण्याच्या रूढ रीतीत हा मूलगामी बदल होता. दहा प्रकल्पांपैकी प्रत्येकाचा अहवाल समाधानकारक असला, तरी दहांचे सांडपाणी व वाहतूक एकाच खाडीवर आल्यास ती ते सोसेलच असे नाही.

समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर केला; तो मे २०१२ मध्ये, माहितीच्या अधिकाराखालील वादानंतर खुला झाला. श्रेणींच्या अंतिम सीमा ग्रामसभांच्या विचाराने ठराव्यात, असे समितीचे म्हणणे होते. परंतु मधल्या काळात अहवालाविषयीच्या ऐकीव गोष्टीच लोकांपर्यंत पोहोचल्या. शेती, घरबांधणी व रस्ते यांवर सरसकट बंदी येणार, अशी समजूत पसरून विरोध वाढला. त्यानंतर कै. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने (नेमणूक ऑगस्ट २०१२, अहवाल एप्रिल २०१३) गाव हा घटक धरून व उपग्रहचित्रांवर भर देऊन सु. ६०,००० चौ. किमी. प्रदेश संवेदनशील ठरविला. अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून वारंवार निघाले. ३१ जुलै २०२४ रोजीचा मसुदा सहावा होता. दोन्ही समित्यांमध्ये शास्त्रज्ञांचा आपसांतील मेळ चांगला होता. तो ज्यांच्या जमिनीविषयी होता त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, हे या प्रकरणाचे मुख्य वैगुण्य होय.

कातळसडे : जांभ्या खडकाची सपाट पठारे, म्हणजेच सडे, महसुली दप्तरात बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदलेली असतात. पावसाळ्यात मात्र त्यांच्यावर अल्पजीवी वनस्पतींचे गालिचे उगवतात. कोकणापुरतीच मर्यादित असलेली दीपकाडी ही कंदवर्गीय वनस्पती येथेच आढळते. सड्यांत मुरलेले पाणी उतारावरील झऱ्यांना व विहिरींना पुरते. याच कातळावर प्राण्यांची, मानवांची व भौमितिक रचनांची प्रचंड खोदचित्रे आहेत. रत्नागिरीतील सुधीर रिसबूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना व शेतकऱ्यांना विचारून त्यांचा शोध घेतला. नंतर पुरातत्त्वज्ञ, शासनाचे पुरातत्त्व खाते व भूवैज्ञानिक या कामात आले. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य सूचीत समावेश झाला. सूचीतील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे ही सात स्थळे रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत. गावकऱ्यांना ही चित्रे आधीच ठाऊक होती. काही ठिकाणी त्यांच्याशी दंतकथाही जोडलेल्या होत्या. शहरातील अभ्यासकाने त्यांना विचारल्यावर ती ज्ञानाच्या नकाशावर आली. सड्यावर मोठा उद्योग आणावयाचा की नाही, या वादात आता ‘पडीक’ हा एकच शब्द पुरत नाही.

सागरी कासवे : चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. पूर्वी अंडी खाण्यासाठी नेली जात आणि कुत्री व कोल्हेही ती उकरीत. संस्थेने गावातील तरुणांनाच राखणदार नेमले. पुढे ग्रामपंचायती व वन खाते या कामात आले. कासव महोत्सवामुळे घरगुती निवासव्यवस्था करणाऱ्या कुटुंबांना उत्पन्न मिळू लागले. रोज पहाटे किनारा चालणाऱ्या ‘कासवमित्रां’च्या नोंदींवरच पुढील संशोधन उभे राहिले. २५ जानेवारी २०२२ रोजी वेळास येथे भारतीय वन्यजीव संस्था, कांदळवन प्रतिष्ठान व वन खाते यांनी ‘प्रथमा’ या मादीच्या पाठीवर उपग्रह-संदेशक बसविला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा पहिलाच प्रयोग होता. २०२३ मध्ये गुहागर येथे संदेशक बसविलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. दोन्ही किनाऱ्यांवरील कासवे सर्वस्वी वेगळी आहेत, या समजुतीचा त्यामुळे फेरविचार करावा लागला. एका संस्थेने लावलेली पट्टी दुसऱ्या संस्थेच्या माणसांनी दूरच्या किनाऱ्यावर वाचली, म्हणूनच हे ज्ञान मिळाले.

मूल्यमापन : या इतिहासात यशापयशाची दोन्ही प्रकारची उदाहरणे आढळतात. वेळास व कातळशिल्पे येथे सहकार्याचा आरंभ गावात झाला, नोंदी सातत्याने झाल्या आणि मोठ्या संस्था नंतर आल्या. लोटे व घाट-समित्या यांबाबतीत तज्ञांची गुणवत्ता कमी नव्हती; पण मच्छीमार व शेतकरी यांना निष्कर्ष ठरून गेल्यावर अथवा ऐकीव रूपात कळले. कासवांच्या रक्षणात कोणाचे मोठे आर्थिक हितसंबंध दुखावले जात नाहीत आणि कारखाना वा खाण यांबाबतीत ते दुखावले जातात, हा भेदही लक्षात घेतला पाहिजे. म्हणूनच जेथे हितसंबंध तीव्र असतात तेथे जुन्या नोंदी, खुले अहवाल व मराठीतून विचारविनिमय यांची गरज अधिक असते. खाडीच्या पाण्याची, मासळीच्या उत्पन्नाची, पुराच्या पातळीची व सड्यांवरील झऱ्यांची माहिती एकत्र ठेवणारी आणि कोणालाही पाहता येईल अशी जिल्ह्याची स्वतःची नोंदवही हे या दिशेने पहिले पाऊल ठरेल. ती लिहिण्यासाठी दापोलीचे विद्यापीठ, रत्नागिरीची संशोधन केंद्रे, महाविद्यालये आणि किनारा रोज पाहणारी माणसे जिल्ह्यातच उपलब्ध आहेत.