हाक पोचते कुठं? उशाशी बसलेल्या बोलक्या यंत्राचा इतिहास

मागच्या हिवाळ्यात देवळाली कॅम्पमधल्या एका आजींना बघायला रात्री त्यांच्या घरी गेलो होतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय ऐंशीच्या पुढं, मधुमेह, इन्सुलिन चालू. मुलगा परदेशात. त्यानं आईच्या उशाशी बोलण्यावर चालणारा स्पीकर बसवून दिलेला. त्या रात्री जेवण कमी झालं, रक्तातली साखर उतरली, दरदरून घाम फुटला. आजी म्हणाल्या, "अगं, जीव घाबरा होतोय." यंत्रानं एक गाणं लावलं. आजींनी पुन्हा सांगितलं, तेव्हा समजलं नाही म्हणून त्यानं माफी मागितली. शेवटी आजींनी पाण्याचा स्टीलचा पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायला सुरुवात केली. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी साखरपाणी दिलं आणि मला फोन केला.

इतकं हुशार यंत्र नापास झालं आणि पेला पास झाला. असं का, हे समजून घ्यायला थोडं मागं जाऊ या. सुरुवात आपल्या देवळालीपासूनच करू.

देवळालीचा 'ताप'

१८६०च्या दशकात ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी छावणी वसवली. भारतातली नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक इथं येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. सैनिकांना नेणारी जहाजं साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपे, त्याला इथं महिनोन्‌महिने बसून राहावं लागे. काम नाही, घरचं माणूस नाही. सोबतीला ऊन, दारू आणि हिवताप. काही जण भ्रमिष्टासारखे वागू लागत. सोजिरांनी त्याला नाव ठेवलं 'डुलॅली टॅप'. डुलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला तापच. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या सैनिकानं १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओल्ड-सोल्जर साहिब' या आठवणींत या दिवसांचं वर्णन केलं आहे. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत आजही 'डुलॅली' म्हणतात.

आपल्या गावाचं नाव शब्दकोशात अशा अर्थानं जावं, याचं थोडं वाईट वाटतं. पण त्यामागचा अनुभव खरा आहे. रिकामपण, एकटेपणा आणि न संपणारी वाट माणसाला आजारी पाडते. एकटेपणा हा आरोग्याचा प्रश्न आहे असं मानून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र आयोगच नेमला.

पुढं याच कोरड्या, थंड हवेसाठी मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबं देवळालीला येऊ लागली. हवापालटासाठी सॅनिटोरियम उभी राहिली. आज लॅम रोडच्या आसपास निवृत्त मंडळी राहतात आणि बऱ्याच जणांची मुलं दूर आहेत. सैनिक जहाजाची वाट पाहत होते, ही मंडळी फोनची पाहतात.

नाइटिंगेलबाईंची घंटी

हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांच्या आरोग्यासाठी त्या काळी ज्यांनी नेटानं पाठपुरावा केला, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. १८६३ साली यासंबंधीच्या शाही आयोगाचा जो अहवाल आला, त्यामागं त्यांचे मोठे कष्ट होते. त्या स्वतः मात्र कधीच भारतात आल्या नाहीत.

आपल्या विषयाशी त्यांचा संबंध त्याआधीचा आहे. १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेव्हा त्यांनी घंट्यांबद्दल एक मागणी केली. रुग्णांच्या घंट्या त्याच मजल्यावरच्या परिचारिकेच्या दाराबाहेर वाजाव्यात. शिवाय प्रत्येक घंटीला एक झडप असावी. घंटी वाजताच ती उघडेल आणि तशीच उघडी राहील, म्हणजे कोणी बोलावलं ते परिचारिकेला उशिरा आलं तरी कळेल.

या साध्या झडपेत तीन गोष्टी होत्या. कोणी हाक मारली ते कळत होतं. आवाज थांबला तरी हाक पुसली जात नव्हती. आणि दुसऱ्या टोकाला ठरलेलं, जबाबदार माणूस होतं. रुग्णालयातल्या खाटेशेजारचं बटण आणि परिचारिकांच्या टेबलावर लागणारा लाल दिवा ही त्या झडपेचीच नातवंडं.

घरी एकट्या राहणाऱ्यांसाठी अशी सोय व्हायला १९७०चं दशक उजाडावं लागलं. जर्मनीत विल्हेल्म हॉर्मान यांनी अशी यंत्रणा तयार केली. अमेरिकेत अँड्र्यू डिब्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली 'लाइफलाइन' सुरू केली. गळ्यातलं बटण दाबलं की टेलिफोनवरून केंद्राला संदेश जाई आणि तिथून माणूस बोले. इथंही दुसऱ्या टोकाला माणूसच होता.

यंत्र ऐकू लागलं

दुसरी वाट प्रयोगशाळांतून आली. १९५२ साली बेल प्रयोगशाळेचं 'ऑड्री' हे यंत्र बोललेले आकडे ओळखू लागलं. १९६२ साली आयबीएमच्या 'शूबॉक्स'ला सोळा शब्द कळत होते. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संगणक-संवाद प्रसिद्ध केला. तो टाइप करून चालायचा आणि रुग्णाचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा. त्याला काहीही 'समजत' नव्हतं. तरी खुद्द वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीबाई त्याच्याशी बोलताना इतक्या रमल्या, की त्यांनी साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं! आपलं कोणी ऐकतंय असं वाटलं तरी माणूस मोकळा होतो, हे तेव्हाच दिसलं. गैरसमजाची सुरुवातही तिथूनच झाली.

पुढचा प्रवास आपल्याला माहीत आहे. २०११ साली सिरी, २०१४ साली अ‍ॅलेक्सा. भारतात अ‍ॅलेक्सा २०१७ साली आली आणि २०१९ साली हिंदी बोलू लागली. गूगल असिस्टंटला मराठी २०१८ साली आलं.

उतारवयाचा आवाज आणि यंत्राचा कान

यंत्रं प्रामुख्यानं तरुण, स्पष्ट आणि प्रमाण उच्चारांवर शिकतात. ज्येष्ठांचा आवाज वेगळा असतो. स्वरयंत्राचे स्नायू सैल पडतात, श्वास अपुरा पडतो, कवळी हलते. पार्किन्सनमध्ये आवाज बारीक होतो, पक्षाघातानंतर जीभ जड होते. शब्द आठवायला दोन-चार सेकंद लागतात, तेवढ्यात बोलणं संपलं असं समजून यंत्र कान बंद करतं.

ऐकण्याचंही तसंच. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ अशी व्यंजनं निसटतात. म्हणून यंत्राचा आवाज खालच्या पट्टीतला, सावकाश आणि आखूड वाक्यांचा हवा. नुसता मोठा आवाज उपयोगाचा नाही.

बोलीचा प्रश्न तर मोठाच. २०२० साली अमेरिकेत पाच बड्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागं सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. इंग्रजीचं हे, मग सटाणा-कळवणच्या अहिराणीचं काय होत असेल?

आणि आपली दुखण्याची भाषा बघा: कसंतरीच होतंय, पोटात गोळा उठलाय, अंग मोडून आलंय, जीव कासावीस होतोय. 'पित्त उठलंय' असं सांगत आलेल्या रुग्णाच्या कार्डिओग्राममध्ये हृदयविकाराचा झटका दिसतो, हा आम्हा डॉक्टरांना नेहमीचा अनुभव. चेहरा, घाम, नाडी बघून आम्ही त्या शब्दांचा अर्थ लावतो. उशाशी ठेवलेल्या स्पीकरकडे फक्त शब्द असतात.

२०१८ साली एका अभ्यासात ५४ जणांना सिरी, अ‍ॅलेक्सा आणि गूगल असिस्टंट यांना औषधं आणि तातडीच्या प्रसंगांबद्दल विचारायला सांगितलं. मिळालेल्या उत्तरांवरून सहभागींनी जे करायचं ठरवलं, त्यातल्या २९ टक्के कृती रुग्णाला अपायकारक ठरू शकल्या असत्या, १६ टक्के तर जिवावर बेतल्या असत्या. यंत्रं त्यानंतर सुधारली आहेत, पण आत्मविश्वासानं चुकण्याची खोड गेलेली नाही.

मग चांगलं यंत्र कोणतं?

माझ्या मते, जे आधी घंटी आहे आणि मग बाकी सगळं. २०१९ साली लॉस एंजलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयानं शंभराहून अधिक खोल्यांत अ‍ॅलेक्सा बसवली. रुग्णानं वेदनेचं औषध मागितलं की निरोप नर्सकडे जातो. स्वच्छतागृहात जायचं असेल तर मदतनिसाकडे. यंत्र स्वतः सल्ला देत नाही, योग्य माणसाला बोलावतं. नाइटिंगेलबाईंच्या झडपेचीच ही कल्पना आहे. हॉटेलातही अशी यंत्रं आली, पण तिथं चूक झाली तर टॉवेल उशिरा येतो. आजाऱ्याच्या खोलीत तोच नियम लावून चालत नाही.

घरी बसवताना एवढं बघा

• आधी आई-वडिलांना विचारा. त्यांना नको असेल तर आग्रह नको.

• त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच आवाजात तपासा. पडल्यावर हाक जमिनीवरून येते, म्हणून जमिनीवर बसूनही तपासा.

• लक्षण सांगण्यापेक्षा एकच आज्ञा पाठ करून घ्या, उदाहरणार्थ "सुनीलला फोन लाव". फोन उचलला गेला नाही तर पुढचा नंबर कोणाचा, तेही ठरवा.

• या स्पीकरवरून १०८ लागेलच असं गृहीत धरू नका. साधा फोन हाताशी हवा. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन मार्गदर्शनासाठी चांगली आहे, पण ती रुग्णवाहिका नव्हे.

• वीज किंवा वायफाय गेलं की यंत्र मुकं होतं. उशाशी पितळी घंटी ठेवा.

• औषधाचा डोस यंत्राला विचारू नका. गोळीची वेळ आठवण करून द्यायला मात्र ते उत्तम.

• मायक्रोफोन बंद करायचं बटण ज्येष्ठांना दाखवून ठेवा. घरातलं बोलणं कुठं साठतं, हे जाणून घेण्याचा हक्क त्यांचाही आहे.

आजींचा स्पीकर आम्ही काढला नाही. सकाळी त्यावर त्या भजनं ऐकतात, नातवाशी बोलतात, त्यांना बरं वाटतं. फक्त आता "शेजारी फोन लाव" म्हटलं की काकूंचा फोन वाजतो. पितळी घंटीही आणली आहे. पेला मात्र त्यांनी अजून तिथंच ठेवलाय.