आधी पाते, मग मोटार

1808 साली लंडनच्या विल्यम न्यूबरीने बँडसॉचे पेटंट घेतले. दोन चाकांवरून फिरणारे, टोकाला टोक जोडलेले पोलादी पाते आणि न थांबता चालणारी कापणी ही कल्पना तेव्हाच पूर्ण झाली होती. तरीही पुढची जवळपास चाळीस वर्षे हे यंत्र कारखान्यांत रुजले नाही, कारण चाकांवर सतत वाकणारे पाते जोडापाशी तुटायचे. 1846 मध्ये आन पोलिन क्रेपँ या फ्रेंच महिलेने जोड टिकवण्याची रीत शोधली. पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिचे हक्क घेतले, पात्याचे पोलाद सुधारले आणि मग कुठे बँडसॉ कामाला लागला. यंत्र अडले होते ते पात्यापायी. आज पहिली विजेची करवत घ्यायला निघालेला नवशिका दुकानात आधी वॅट विचारतो आणि पाते डब्यात मिळेल ते घेतो. तुटपुंजे पैसे खर्चायची ही उलटी रीत आहे.

जिगसॉचा जन्म हेच सांगतो. 1946 साली स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान या अभियंत्याने शिलाई मशीनची सुई काढून तिथे करवतीचे पाते बसवले. नवी मोटार त्याने शोधली नव्हती. वरखाली होणारी चाल तयारच होती. आजचा स्वस्त जिगसॉही त्याच चालीवर चालतो. त्याच्या नेहमीच्या पात्याचे दाते वरच्या दिशेला असतात, म्हणून पाते वर येताना कापते आणि प्लायचा वरचा पापुद्रा उचकटतो. चांगली बाजू खाली ठेवावी ती यासाठी. बारीक दात्यांचे अरुंद पाते नक्षीच्या वळणावर सहज फिरते. बोथट पाते मात्र लाकूड करपवते, आणि हात जोर लावू लागला की रेघ सुटते, मग मशीन कितीही महाग असो.

जाड लाकडाला ताकद हवीच ना, असे कोणी म्हणेल. सरळ चिरायच्या फळ्यांपुरते ते खरे आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेत एडमंड मिशेलने घडवलेली हातातली गोल करवत त्याच कामाची. मूर्ती कोरायच्या जाड ठोकळ्याचे तसे नाही. जिगसॉचे पाते वरच्या एकाच टोकाला धरलेले असते. जाड लाकडात त्याचे खालचे टोक भरकटते आणि वर आखलेले वर्तुळ खाली वाकडे निघते. वॅट वाढवून हा दोष जात नाही. बँडसॉचे पाते वरखाली ताणलेले असल्याने सरळ राहते, पण नवशिक्याला तो परवडत नाही. अशा वेळी ठोकळा लाकडाच्या वखारीतून कापून आणावा, पुढचा आकार हातकरवतीने आणि पटाशीने काढावा, आणि उरलेल्या पैशांत तळपट्टी न डगमगणारा साधा जिगसॉ व दोन-तीन प्रकारची चांगली पाती घ्यावीत. ग्राइंडरवर करवतीची चकती चढवणे याहून स्वस्त पडते, पण त्या नादी मुळीच लागू नये. छोटा ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो, त्याचे आवरण या कामासाठी केलेले नसते, आणि चकती लाकडात अडकली की यंत्र हातातून उसळते.