चित्रफितींचें दप्तर आणि त्यांतील कथासूत्र

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे इतिहास हातीं आला, असें होत नाहीं. रुमाल सोडावे, मित्या ठरवाव्या, कोणता कागद कोणत्या कागदानंतर वाचावयाचा याचा निर्णय करावा, तेव्हां कोठें हकीकत उभी राहते. चित्रफितींच्या दप्तराचीही हीच गोष्ट आहे. अनुबोधपटाचें संकलन करतांना जें कथासूत्र सांपडतें, तें मूळ फितींतलें कीं संकलकाच्या मनांतलें, हा प्रश्न इतिहाससंशोधकानें अवश्य विचारिला पाहिजे. त्यास रशियांतील एक उदाहरण आम्हांस फार उद्बोधक वाटतें.

एस्फिर शूब (१८९४–१९५९) ही विदुषी १९२२ पासून सरकारी चित्रसंस्थेंत परदेशी चित्रपट कापून-जोडून सोव्हिएत प्रेक्षकांजोगे करण्याचें काम करीत असे. १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीस दहा वर्षें पुरीं होत आलीं, तेव्हां जुन्या फितींवरूनच त्या काळाचा पट रचावा, असें तिनें मनांत घेतलें. १९२६ च्या उन्हाळ्यांत लेनिनग्राड येथें सुमारें दोन महिन्यांत तिनें ६०,००० मीटर फीत पाहिली, त्यांतील ५,२०० मीटर निवडली, आणि अखेर पटांत सुमारें १,५०० मीटर ठेविली. म्हणजे पाहिलेल्या चाळीस हातांपैकीं एक हात! 'रोमानोव्ह घराण्याचा पाडाव' या नांवानें हा पट मार्च १९२७ मध्यें प्रसिद्ध झाला.

यांतील कथासूत्र दोन पायऱ्यांनीं सिद्ध झालेलें दिसतें. पहिली पायरी कालक्रमाची. १९१३ चा राजघराण्याचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव, १९१४ चें महायुद्ध, १९१७ चा राजत्याग, हा सांगाडा घटनांनींच दिलेला होता. त्यांत संकलकाचें कर्तृत्व थोडें. दुसरी पायरी सान्निध्याची, व खरें मर्म येथेंच आहे. जहाजाच्या डेकवर दरबारी मंडळी मझुर्का नांवाचा नाच नाचत आहेत. मध्यें घामाचा उल्लेख करणारी एक अक्षरपाटी येते. आणि लगेच घाम गाळीत माती खणणारे कष्टकरी दिसतात. दोन्ही तुकडे अस्सल. परंतु त्यांना जोडणारा सांधा मात्र १९२६-२७ चा आहे.

राजाच्या पदरच्या छायाचित्रकारांनीं ज्या फिती धन्याच्या गौरवार्थ घेतल्या, त्याच येथें त्याच्यावरील आरोपपत्र होऊन बसल्या, आणि त्यासाठीं मूळ चित्रांत कांहीं फेरफार करावा लागला नाहीं. केवळ शेजार बदलला. म्हणून कोणी या पटास लबाडी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. त्या राज्यांत ऐषाराम व दारिद्र्य शेजारीं शेजारीं नांदत होतें, हें इतर साधनांनीं सिद्ध आहे. पण हा नाच व ती खणती एकाच दिवसाची, असें जर कोणी या पटाच्या आधारें लिहील, तर तो फसेल. कारण तसें फीत सांगत नाहीं, सांधाही सांगत नाहीं, पाहणाराच तसें समजतो.

आपणही पत्रें निवडून, क्रम लावूनच इतिहास लिहितों. भेद इतकाच कीं, छापील पत्राच्या माथ्यावर मिती, स्थळ व लेखक दिलेला असतो, आणि वाचकास आमचा क्रम मोडून पाहतां येतो. पटांतील तुकडा बहुधा आपली मिती गमावून येतो. राहिलेली ३९ हात फीतही म्हणूनच महत्त्वाची आहे. तिच्यावांचून निवड योग्य झाली कीं नाहीं, हें कोण ठरविणार?

सारांश, अनुबोधपट साधन म्हणून वापरतांना दोन साक्षी वेगळ्या नोंदवाव्या: तुकड्याची साक्ष तो घेतला त्या काळाची, सांध्याची साक्ष तो जोडला त्या काळाची. शूबबाईंच्या पटांत १९१३ चा रशिया आहे तसाच १९२७ चाही आहे. दोन्ही वाचतां आले, तरच तो पट पुरता वाचला असें आम्ही समजतों.