मुकुटबनचा चुनखडक आणि भूजलाचा उगमशोध : स्थिर समस्थानिक पद्धतीचा ऐतिहासिक आढावा

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन परिसर भूशास्त्रीयदृष्ट्या वैशिष्ट्यपूर्ण आहे. कॅम्ब्रियनपूर्व काळातील पैनगंगा समूहाचा चुनखडक, गोंडवाना काळातील कोळसायुक्त वालुकाश्म आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट हे तिन्ही खडक या भागात थोड्या अंतरात आढळतात. साहजिकच येथील विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात उतरलेले क्षार नेमके कोणत्या खडकाचे, हा प्रश्न उपस्थित होतो. तो केवळ पुस्तकी नाही. लगतच्या पांढरकवडा परिसरातील भूजलातील फ्लोराइडविषयीचा अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या दातांवर डाग पडतात व पुढे हाडे आणि सांधे ताठरतात.

उगमशोधाच्या ज्या पद्धतीचा येथे विचार करावयाचा आहे, तिचा जन्मच मुळी चुनखडकाशी निगडित आहे. ‘समस्थानिक’ ही संकल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये मांडली. १९३९ मध्ये आल्फ्रेड नीर व अर्ल गुलब्रान्सन यांनी वस्तुमान वर्णपटमापीच्या साहाय्याने असे दाखविले की, चुनखडकात कार्बन-१३ चे प्रमाण वनस्पतींपेक्षा किंचित अधिक असते. या ‘किंचित’ फरकावरच पुढील सारी इमारत उभी राहिली. १९४७ मध्ये हॅरोल्ड युरी यांनी अशा फरकांची सैद्धांतिक मीमांसा केली. त्यानंतर अमेरिकेतील साउथ कॅरोलायनाच्या पी डी शैलसमूहातील बेलेम्नाइट या जीवाश्माचे कॅल्साइट तुलनेचे शून्य मानले गेले. तो मूळ नमुना कधीच संपला; आज त्याची जागा व्हिएन्ना येथून ठरविलेल्या प्रमाणाने घेतली आहे. भारतात अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा व मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी ही विद्याशाखा रुजविली.

या मोजपट्टीवर सागरी चुनखडकातील कार्बनचे मूल्य शून्याच्या आसपास येते. कापूस, तूर, सोयाबीन यांचे मूल्य दर हजारी उणे २७ च्या जवळपास, तर ज्वारीचे उणे १२ च्या जवळपास असते. पावसाचे पाणी मुळांच्या श्वसनातून आलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडकात शिरते, तेव्हा तयार होणाऱ्या बायकार्बोनेटचा निम्मा कार्बन खडकाचा व निम्मा मातीचा असतो. बेसाल्टमध्ये मात्र जवळजवळ सर्व कार्बन मातीकडूनच येतो. दोन्ही पाणी चवीला सारखे लागले तरी त्यांची कुंडली निराळी असते. अर्थात विदर्भात यात एक मेख आहे. ज्वारीच्या शेताखालील बेसाल्टचे पाणी मूल्याच्या दृष्टीने चुनखडकाच्या पाण्यासारखे भासू शकते. गेल्या काही दशकांत ज्वारीचे क्षेत्र घटून कापूस व सोयाबीन वाढले; म्हणून येथील नमुन्यांचा अर्थ लावणाऱ्यास भूशास्त्राइतकाच पीकपद्धतीचा इतिहासही ठाऊक असावा लागतो.

याहून मोठी अडचण फ्लोरिनचीच आहे. निसर्गात त्याचे एकच स्थिर समस्थानिक आढळते, फ्लोरिन-१९. तुलनेला दुसरे नसल्याने ज्या घटकाचा उगम गावकऱ्यांना सर्वाधिक हवा, त्याचाच थेट माग ही पद्धत काढू शकत नाही. माग काढावा लागतो तो सोबत्यांचा. ऑक्सिजन व हायड्रोजनची समस्थानिके पाणी थेट पावसाचे की बाष्पीभवन होऊन मुरलेले, हे सांगतात. स्ट्रॉन्शियमचे ८७ व ८६ यांचे गुणोत्तर जुन्या ग्रॅनाइटच्या झिजेतून बनलेल्या वालुकाश्मात सहसा अधिक व बेसाल्टमध्ये कमी असते. या जोडीला कॅल्शियमचे प्रमाण पाहणे अगत्याचे ठरते. कारण विपुल कॅल्शियम फ्लोराइडला पाण्यात फारसे टिकू देत नाही, आणि मृदेतील देवाणघेवाणीत कॅल्शियम जाऊन सोडियम आले की फ्लोराइड वाढते. म्हणजे नुसता चुनखडक जवळ आहे म्हणून त्यास दोषी धरणे शास्त्राला धरून नाही.

कारखान्यांविषयीही हीच सावधगिरी हवी. मुकुटबनचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला, तर लगतच्या परिसरातील फ्लोराइडची उपरोक्त नोंद त्यापूर्वी १५ वर्षांची आहे. मात्र भट्टीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये चुनखडकाचा व कोळशाचा वाटा वेगळा करता येतो. कोळसा प्राचीन वनस्पतींचा असल्याने त्याचे मूल्य उणे २५ च्या आसपास राहते. पाण्यासाठी असा निवाडा करावयाचा तर तिन्ही खडकांतील विहिरींचे नमुने पावसाळ्यापूर्वी व नंतर, शेतातील पिकाच्या नोंदीसह, घेणे आवश्यक आहे.