छायाप्रकाश (कृष्णधवल नगरपथ-छायाचित्रणातील)
रंगांचा आधार नाहीसा झाल्यावर रस्त्यावरील प्रसंगाचा आकार, खोली व भाव ज्या उजेड-सावलीच्या प्रमाणावर विसंबतात, ते प्रमाण. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांची मुंबईच्या नागरी जीवनाची आरंभीची चित्रे आणि केतकी शेठ यांचे ‘बॉम्बे मिक्स’ (२००७) ही या परंपरेतील ठळक उदाहरणे होत.

तथापि उत्तुंग इमारती ही या कलेची अट नव्हे. १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली राहिलेल्या नांदेड जिल्ह्यातील बिलोलीसारख्या तालुक्याच्या कसब्यातही तिला विपुल सामग्री लाभते. सुमारे १८.८ उत्तर अक्षांशावरील या गावी मेच्या मध्यास व जुलैअखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येऊन माणसाची सावली पायांखाली लोपते, भुवयांखालचे डोळे काळवंडतात आणि चेहऱ्याचे चित्र जवळजवळ अशक्य होते. उलट डिसेंबरात तोच सूर्य मध्यान्हीही सुमारे ४८ अंशांहून वर चढत नसल्याने सावली जवळपास माणसाच्या उंचीएवढी लांबते, आणि हाच काळ, आमच्या मते, सर्वांत अनुकूल होय. फिल्मवर मात्र प्रकाशमापन छायेवरूनच करावे. कारण निगेटिव्हवर न उमटलेला छायेतील तपशील अंधारखोलीत कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.