नकाशावरचे एक वाक्य

खेळाडूंच्या तोंडची वाक्ये सहसा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राबरोबर विरून जातात. टॅल ब्रॉडीचे एक वाक्य मात्र हिब्रूत वाक्प्रचार म्हणून रुजले. त्याची घडण मुळात हिब्रू नव्हतीच. म्हणून भाषेच्या अभ्यासकानेही त्याकडे पाहायला हवे.

ब्रॉडीचा जन्म १९४३ मध्ये अमेरिकेतील ट्रेंटन शहरी, ज्यू कुटुंबात झाला. इलिनॉय विद्यापीठाकडून त्याने बास्केटबॉल गाजवले आणि १९६५ मध्ये ‘एनबीए’मधील बाल्टिमोर बुलेट्स संघाने त्याची निवड केली. त्याच वर्षी, जगभरच्या ज्यू खेळाडूंसाठी भरणाऱ्या मक्काबिया स्पर्धेच्या निमित्ताने, तो इस्रायलला गेला. तिथल्या मक्काबी तेल अवीव क्लबने त्याला गळ घातली आणि १९६६ मध्ये, वर्षभरासाठी म्हणून, तो त्या क्लबात दाखल झाला. ‘एनबीए’त तो कधीच खेळला नाही. मध्यंतरी त्याने अमेरिकी लष्करात सेवा केली, १९७० ची जागतिक स्पर्धा अमेरिकेकडून खेळली आणि मग तो इस्रायलला परतला तो कायमचा.

इस्रायल भूगोलाने आशियात. पण मक्काबी खेळे ती युरोपीय चषक स्पर्धेत. म्हणजे नकाशाचा प्रश्न इथे आरंभापासूनच होता. १९७७ च्या स्पर्धेत मक्काबीची गाठ सोव्हिएत लष्कराच्या ‘त्सेस्का मॉस्को’ संघाशी पडली. १९६७ च्या युद्धानंतर सोव्हिएत संघाने इस्रायलशी राजनैतिक संबंध तोडले होते. सोव्हिएत खेळाडू तेल अवीवला येईनात आणि इस्रायली खेळाडूंना मॉस्कोचा व्हिसा मिळेना. अखेर १७ फेब्रुवारी १९७७ रोजी बेल्जियममधील विर्तों या लहानशा गावात सामना झाला. मक्काबीने तो ९१-७९ असा जिंकला. सामन्यानंतर कर्णधार ब्रॉडी अमेरिकी वळणाच्या हिब्रूत उद्गारला : ‘आम्ही नकाशावर आहोत आणि नकाशावर राहणार. केवळ खेळात नाही, सगळ्यात!’

‘नकाशावर येणे’ हा इंग्रजी वाक्प्रचार. ब्रॉडीने तो शब्दशः हिब्रूत उतरवला. एखाद्या विद्यार्थ्याने असे केले तर आपण तांबड्या शाईने खूण करतो. इथे मात्र अख्ख्या देशाने ते भाषांतर आपलेसे केले. आपल्याकडचे ‘जगाच्या नकाशावर’ झळकणारे मथळे आठवले, तर मराठीलाही ही वाट अपरिचित नाही.

शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. हिब्रूतील ‘मापा’ म्हणजे नकाशा, तसेच मेजावरचे कापडही. इंग्रजीतील नकाशाचा शब्द ‘माप्पा’ या लॅटिन शब्दापासून आला. त्याचाही मूळ अर्थ कापड. आणि हा शब्द प्युनिक लोक आपला म्हणून सांगतात, अशी नोंद क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञाने करून ठेवली आहे. प्युनिक ही हिब्रूची नात्यातली भाषा. ती नोंद खरी मानली, तर ब्रॉडीने परका म्हणून आणलेला शब्द दूरच्या माहेरी परतला होता.

परंतु वाक्य रुजते ते व्युत्पत्तीमुळे नव्हे. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी झालेली इस्रायली खेळाडूंची हत्या आणि १९७३ च्या युद्धाचा धक्का या देशाच्या मनात ताजा होता. अशा समाजाला ‘आम्ही आहोत’ हे कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवे होते. मात्र नकाशा हा निरागस शब्द नाही. १९६७ नंतर त्या भूमीच्या सीमा हाच वादाचा मुद्दा होता. आणि त्याच भूमीचे पॅलेस्टिनी रहिवासी, आपले नाव नकाशावर कुठे आहे, हा प्रश्न विचारीत होते. जयघोषात तो प्रश्न ऐकू येत नाही. वाचकाने तो ऐकायला हवा.

७ एप्रिल १९७७ रोजी बेलग्रेडमध्ये मक्काबीने इटलीच्या वारेझे संघाला ७८-७७ असे हरवून चषक जिंकला. त्याच रात्री पंतप्रधान राबिन यांनी निवडणुकीतून माघार जाहीर केली आणि मे महिन्यात मजूर पक्षाची सत्ता गेली. १९७९ मध्ये ब्रॉडीला ‘इस्रायल पुरस्कार’ मिळाला.

आपण नकाशावर आहोत, हे देशाला सांगणारा माणूस बाहेरून आला होता; त्या संघात आणखीही अमेरिकी होते आणि प्रशिक्षक राल्फ क्लाइन यांचा जन्म बर्लिनचा. अस्मितेची वाक्ये अनेकदा अशी बाहेरच्या भाषेतून येतात. कालांतराने त्यांचे परकेपण विसरले जाते, आणि ते विसरल्यावरच ती ‘आपली’ होतात.