ग्रहणाने भाजलेला डोळा आणि लेसरचा उपचार

डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, जाडीला अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतो. नेत्रगोलाच्या मागच्या भिंतीला तो आतून अस्तरासारखा लागलेला असतो आणि त्याच्या पुढचे पारपटल, बाहुली, भिंग हे सगळे भाग प्रकाश त्याच्यापर्यंत नेण्यासाठीच घडलेले आहेत. कातडी न कापता प्रकाश इतक्या आत नेमका नेता येईल अशी शरीरात दुसरी जागा नाही. प्रकाशाने शस्त्रक्रिया करण्याच्या कामात डोळ्याचे डॉक्टर पुढे राहिले ते यामुळेच. मात्र या वाटेवरच्या काही मोठ्या पायऱ्या एखाद्या इजेकडे पाहून सापडल्या आहेत. डोळ्याचे काय बिघडले हे ज्यांनी थांबून नीट पाहिले, त्यांनाच प्रकाशाने काय सुधारता येईल हे सुचले.

इजा तर फार पूर्वीपासून माहीत होती. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये, परातीत पाणी घेऊन त्यातले प्रतिबिंब पाहावे, असे महाराष्ट्रातल्या घरांत वडीलधारे सांगत. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात सॉक्रेटिसही ग्रहणाचा सूर्य पाण्यात न पाहता थेट पाहून डोळे बिघडवून घेणाऱ्यांचा उल्लेख करतो. एरवी सूर्याकडे नजर टिकत नाही, डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात उजेड मंदावतो, डोळे दिपत नाहीत आणि माणूस टक लावून पाहत राहतो. पण उरलेल्या कोरीची प्रखरता तसूभरही कमी झालेली नसते. भिंग ती कोर पडद्याच्या नेमक्या मध्यावर, वाचायला आणि चेहरे ओळखायला लागणारी नजर जिथे असते तिथे, एकवटते. दुखत काहीच नाही, कारण पडद्याला वेदना कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध एक डाग उरतो. 1867 मध्ये चेर्नी या संशोधकाने सूर्यप्रकाश एकवटून सशांच्या पडद्यावर असे डाग मुद्दाम पाडून पाहिले होते. त्यातून उपचार निघेल असे तेव्हा कुणाच्या मनात नव्हते.

उपचाराची गरज होती ती दुसऱ्याच एका आजारात. पडद्याला एखादे छिद्र किंवा फाट पडली की डोळ्यातला द्रव त्यातून मागे शिरतो आणि पडदा भिंतीपासून सुटत जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पडदा सुटला म्हणजे तो डोळा गेला, असेच धरले जाई. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ज्यूल गोनँ यांनी फाट हेच मूळ आहे हे ओळखले आणि 1920 च्या दशकात डोळ्याच्या भिंतीतून तापवलेले टोक आत घालून ती फाट डागायला सुरुवात केली. डागलेल्या जागी व्रण धरतो आणि पडदा तिथे पक्का चिकटतो. उपाय खरा होता, पण त्यासाठी डोळा बाहेरून उघडावा लागे आणि आतली फाट बाहेरून नेमकी कुठे येते याचा अंदाज बांधावा लागे.

जुलै 1945 मध्ये, युद्ध संपून दोनच महिने झाले असताना, जर्मनीतून सूर्यग्रहण दिसले. हॅम्बुर्गच्या विद्यापीठ नेत्रचिकित्सालयात गेर्ड मायर-श्विकेरात हे पंचविशीतले डॉक्टर काम करत होते. ग्रहण पाहताना डोळे भाजलेले रुग्ण त्यांच्यापुढे आले. त्यांत वैद्यकशास्त्राचा एक विद्यार्थीही होता. पडद्याच्या मध्यावर उमटलेला व्रण मायर-श्विकेरात यांनी तपासला. बारीक, कडा स्पष्ट असलेला, आजूबाजूचा भाग शाबूत. गोनँ यांना तापल्या टोकाने जो व्रण हवा होता तसाच हा होता, आणि तो पाडायला डोळ्याला कुठेही हात लावावा लागला नव्हता. ग्रहणाची इजा ही उष्णतेपेक्षा प्रकाशाच्या रासायनिक परिणामाने अधिक होते, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळले; म्हणजे त्यांना दिसलेले कारण पुरते बरोबर नव्हते. त्यावरून त्यांनी काढलेला मार्ग मात्र बरोबर निघाला.

प्रश्न होता तेवढ्या जोरदार प्रकाशाचा. सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये पूर्वी जळत त्या जातीच्या कार्बनच्या कांड्यांचा दिवा त्यांनी आधी वापरला. त्यानंतर ते थेट सूर्याकडे वळले. चिकित्सालयाच्या छपरावर सूर्यामागे फिरणारा आरसा बसवला, त्याचा झोत आरसे आणि भिंगांमधून खाली रुग्णाच्या डोळ्यापर्यंत आणला, आणि 1949 च्या सुमारास सूर्यप्रकाशानेच माणसांच्या पडद्यातल्या फाटी बंद केल्या. वैद्यकाच्या इतिहासात यापेक्षा साधे आणि धीट उपकरण क्वचितच सापडेल. ज्या सूर्याने पडदा जाळला, त्याच्याचकडून पडदा सांधून घेतला गेला. अडचण हॅम्बुर्गच्या आभाळाची होती. तिथे आठवडेच्या आठवडे ढग हटत नाहीत, आणि सुटणारा पडदा ऊन पडायची वाट पाहत थांबत नाही.

म्हणून पुन्हा दिवे आले. त्साइस या कंपनीतले हान्स लिटमन यांच्यासह मायर-श्विकेरात यांनी झेनॉन वायूच्या दिव्याचे यंत्र तयार केले आणि 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते इतर देशांतल्या रुग्णालयांतही पोहोचले. त्याचा प्रकाश पांढरा, म्हणजे सगळ्या रंगांचा मिसळलेला होता. तो अगदी बारीक बिंदूवर आणता येत नसे, डाग मोठा पडे, वेळ लागे. डोळा हलू नये आणि दुखू नये म्हणून डोळ्यामागे भुलीची सुई द्यावी लागे. एकाच रंगाचा, सरळ जाणारा आणि हव्या तेवढ्या बारीक बिंदूवर एकवटणारा प्रकाश हवा होता.

तो 16 मे 1960 रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅलिबू इथे मिळाला. ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारख्या पिळाच्या दिव्यात माणकाची कांडी ठेवून पहिला लेसर चालवला. दुसऱ्याच वर्षी मिल्टन झारेट आणि सहकाऱ्यांनी त्याने सशाच्या पडद्यावर डाग पाडले, आणि डिसेंबर 1961 मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स कॅम्बेल यांनी माणसाच्या पडद्यावरची एक गाठ माणिक-लेसरने जाळली. शोधापासून रुग्णापर्यंत दोन वर्षेही लागली नाहीत, कारण ज्या कामाला हे हत्यार हवे होते ते काम झेनॉनच्या दिव्याने आधीच आखून ठेवले होते.

माणकाचा प्रकाश लाल, आणि रक्त लाल प्रकाश फारसा शोषत नाही. त्यामुळे फाटीभोवती डागणी जमे, पण वाहणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बंद करणे जमत नसे. विल्यम ब्रिजेस यांनी 1964 मध्ये आर्गन वायूचा लेसर बनवला. त्याचा निळा-हिरवा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन चांगला शोषते. फ्रान्सिस लेस्परन्स यांनी 1968 मध्ये तो रुग्णांसाठी वापरला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे पडद्याचा लेसर म्हणजे आर्गन, असे समीकरण झाले.

त्याच 1964 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आणखी एक लेसर जन्मला, आणि त्याचा धागा थेट पुणे जिल्ह्यात पोहोचतो. कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून पदवी घेतलेले. त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधला. त्याचा प्रकाश डोळ्याला न दिसणारा, 10.6 मायक्रोमीटर तरंगलांबीचा असतो आणि पाणी तो झटकन शोषून घेते. शरीराच्या पेशींत मुख्यतः पाणीच असल्याने हा झोत जिथे पडतो तिथला थर वाफ होऊन जातो आणि कडेच्या बारीक वाहिन्या त्याच उष्णतेने मिटतात. बॉस्टनमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला गेझा याको आणि स्टुअर्ट स्ट्राँग यांनी सूक्ष्मदर्शकाला हा लेसर जोडून स्वरयंत्रावरच्या शस्त्रक्रिया केल्या. पडद्यासाठी मात्र तो कामाचा नाही. डोळ्यातले पाणी त्याला पुढे जाऊच देत नाही.

पडद्याच्या लेसरची खरी कसोटी मधुमेहात लागली. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्यातल्या केशवाहिन्या बुजतात, भुकेलेला पडदा नव्या वाहिन्यांना बोलावतो, त्या कच्च्या वाहिन्या फुटतात आणि डोळा रक्ताने भरतो. नुसत्या वाहिन्या जाळून भागत नसे, त्या पुन्हा उगवत. बॉस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमधल्या विल्यम बीथम आणि लॉइड आयेलो यांचे लक्ष एका विचित्र गोष्टीकडे गेले होते. मधुमेहाच्या ज्या रुग्णांच्या पडद्यावर जुन्या आजाराचे व्रण होते, त्यांच्या त्या डोळ्यात मधुमेहाचा त्रास कमी दिसे. मग चांगल्या पडद्यावरच जाणूनबुजून व्रण पाडले तर? 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी माणिक-लेसरने ते करायला सुरुवात केली.

निरोगी दिसणाऱ्या पडद्यावर शेकडो डाग पाडायचे, ही कल्पना सहज मान्य होण्यासारखी नव्हती. अमेरिकेत पंधरा केंद्रांवर, सतराशेहून अधिक रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिची रचना सुंदर होती: प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्यावर उपचार करायचा, दुसऱ्यावर नाही. तुलना माणसामाणसांत न होता एकाच शरीरातल्या दोन डोळ्यांत झाली. 1976 मध्ये निकाल आला. उपचार केलेल्या डोळ्यांत नजर गंभीर स्वरूपात जाण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी भरले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी चालू असतानाच नियम बदलून जास्त धोक्यातल्या दुसऱ्या डोळ्यांनाही लेसर देण्याची मुभा दिली गेली. लेसर वाहिन्या जाळून नव्हे, तर पडद्याच्या कडेचा भाग निकामी करून त्याची प्राणवायूची मागणी घटवतो आणि मधली नजर वाचवतो, हे नंतर उलगडले. त्याची किंमतही असते: रात्रीचे आणि कडेचे दिसणे थोडे मंदावते.

हा उपचार पाहायला फार साधा असतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातलेला रुग्ण अंधाऱ्या खोलीत यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून बसतो. डॉक्टर त्याच्या डोळ्यावर एक जाड भिंग धरतात, पायाने पेडल दाबतात, आणि प्रत्येक दाबाबरोबर एक हिरवा लखलखाट होतो. एका डोळ्यावर असे हजार-दीड हजार ठिपके, बहुधा दोन-तीन बैठकांत. उठल्यावर काही वेळ रुग्णाला समोरचे नीट दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामावर असतो.

डोळ्याच्या पुढच्या भागाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. 1980 च्या सुमारास पॅरिसमध्ये डॅनिएल आरों-रोझा आणि बर्नमध्ये फ्रान्झ फांकहाउझर यांनी याग स्फटिकाच्या लेसरचे अतिशय क्षणिक ठोके वापरून, मोतीबिंदू काढल्यानंतर भिंगामागे धरणारी पातळ साय फोडली. ‘लेसरने मोतीबिंदू काढला’ असे सर्रास म्हटले जाते, पण नेहमीच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत मोतीबिंदू फोडतात तो ध्वनिलहरींनी. ती पद्धत चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये आणली. लेसर येतो तो बहुधा नंतर, साय धरली तर.

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसरचे मूळ जेवणाच्या टेबलावर आहे. मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत अतिनील प्रकाशाच्या एक्सायमर लेसरने प्लास्टिकचे थर कोरत होते. नोव्हेंबर 1981 मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरी उरलेल्या टर्कीची हाडे आणि कूर्चा प्रयोगशाळेत नेली आणि त्यांवर 193 नॅनोमीटरचा झोत सोडला. काप स्वच्छ निघाला. कडेला ना काळेपणा, ना करपल्याची खूण. इथे उष्णता नव्हे, तर रेणूंचे बंधच तुटत होते. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी याचा पारपटलासाठी उपयोग ओळखला आणि 1983 मध्ये श्रीनिवासन यांच्यासह निष्कर्ष छापले. 1988 मध्ये मार्गरिट मॅकडोनल्ड यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये दिसणाऱ्या डोळ्यावर पहिला प्रयोग केला. कर्करोगामुळे डोळा काढावाच लागणार असलेल्या एका रुग्ण स्त्रीने तो आधी या प्रयोगासाठी देऊ केला होता. 1995 मध्ये अमेरिकन सरकारने या उपचाराला मान्यता दिली. वरचा पातळ पापुद्रा उचलून खालचा थर कोरण्याची ‘लॅसिक’ पद्धत क्रीटमधल्या इओआनिस पालिकारिस यांनी तोवर रूढ करत आणली होती.

तो पापुद्रा आधी पात्याने कापत. पाते हटले ते पुन्हा एका अपघातामुळे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगन विद्यापीठात जेरार मूरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात फेम्टोसेकंद, म्हणजे अतिशय क्षणिक ठोक्यांच्या, लेसरचा झोत गेला. त्याला तपासणारे तरुण नेत्रतज्ज्ञ रॉन कुर्ट्झ यांना पडद्यावरची जखम चकित करणारी वाटली: अगदी बारीक, नेमकी, भोवतालचे काहीही न भाजलेली. हॅम्बुर्गमधल्या तपासणीसारखाच हा क्षण होता. कुर्ट्झ आणि मूरू यांनी मिळून त्यावर काम केले आणि 2000 च्या दशकात पापुद्रा लेसरनेच कापला जाऊ लागला. अशा क्षणिक ठोक्यांना बळ देण्याच्या तंत्रासाठी मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांना 2018 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

पडद्याच्या आजारांत आता डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने पुढे आली आहेत. नव्या वाहिन्यांना बोलावणाऱ्या प्रथिनाला ती अडवतात आणि कडेची नजरही राखतात. पण ती पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, आणि प्रत्येक खेपेला रुग्णालय गाठणे ज्याला शक्य नसते त्याच्यासाठी लेसरचे ठिपके अजून भरवशाचे आहेत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, किलो-सव्वा किलोच्या बाळांच्या डोळ्यांतही पडद्याची कड अर्धवट राहून अशाच वाहिन्या फुटतात. तिथे डॉक्टर कपाळाला बांधलेल्या यंत्रातून लेसर सोडतात, आणि निदान झाल्यापासून दोन-तीन दिवसांत ते करावे लागते. ग्रहणाने मध्यावर पडलेल्या डागावर मात्र आजही सिद्ध झालेला उपचार नाही. काही डोळे महिन्याभरात बरेचसे सावरतात, काहींत तो डाग कायम राहतो.